करिपूरचे बारा तास

7 ऑगस्ट 2020, शुक्रवार. त्या रात्री केरळातल्या कोळिकोडजवळ करिपूर विमानतळावर एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं विमान धावपट्टी संपली तरी थांबलं नाही. ते पठाराच्या कडेवरून खाली गेलं आणि त्यात 21 माणसं दगावली. विमानाचे कॅप्टन दीपक वसंत साठे हे मूळ नागपूरचे, हवाई दलाचे निवृत्त विंग कमांडर. त्यामुळे महाराष्ट्रात ही बातमी घरातल्या दुःखासारखी वाचली गेली.

तेरा महिन्यांनी, सप्टेंबर 2021 मध्ये, कॅप्टन एस. एस. चहर यांच्या पथकाचा तपास अहवाल प्रसिद्ध झाला. कॉकपिटमधले आवाज टिपणारं यंत्र आणि उड्डाणाची मोजमापं साठवणारं यंत्र, या दोन्हींतून मिळालेला तपशील त्यात सेकंदासेकंदाने मांडला आहे. तो वाचताना पाऊस आणि पठार हळूहळू मागे सरतात आणि दोन अगदी साध्या गोष्टी समोर येतात. एक म्हणजे काचेवरचा वायपर, दुसरी म्हणजे उद्या सकाळचं एक विमान. दोन शिकलेल्या, अनुभवी माणसांचं लक्ष या दोन गोष्टींनी आपल्याकडे कसं ओढून घेतलं, हे त्या दिवसाच्या घड्याळाबरोबर चालत गेल्याशिवाय कळत नाही.

सकाळी 10.09. साडेनऊ तास आधी

करिपूरहून बोइंग 737-800 दुबईकडे निघालं. विमानाची नोंदणी व्हीटी-एएक्सएच. कोविडचा काळ होता. नेहमीची आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद होती आणि परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणण्यासाठी मे महिन्यापासून 'वंदे भारत' मोहीम सुरू होती. हे त्याच मोहिमेतलं उड्डाण.

डावीकडच्या खुर्चीत 59 वर्षांचे कॅप्टन साठे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या 58व्या तुकडीचे विद्यार्थी, 1981 मध्ये हवाई दलाच्या अकादमीतून मानाची तलवार घेऊन बाहेर पडलेले. पुढे त्यांनी हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक म्हणूनही काम केलं. चाचणी वैमानिक म्हणजे विमान कुठवर साथ देतं हे स्वतः उडवून तपासणारा माणूस. प्रवासी विमानांसह त्यांच्या खात्यावर उड्डाणाचे दहा हजारांहून जास्त तास होते. करिपूरच्या धावपट्टीवर ते याआधी किमान 27 वेळा उतरले होते, असं तेव्हाचे नागरी उड्डाणमंत्री हरदीपसिंग पुरी यांनी सांगितलं होतं.

उजवीकडे सहवैमानिक अखिलेश कुमार, मथुरेचे, वय 32. त्यांच्याकडे दोन हजारांच्या आसपास तास. वयात सत्तावीस वर्षांचं अंतर, तासांत पाचपट. एकाच्या छातीवर कधीकाळी लष्करी पदकं, तर दुसऱ्याची नोकरी अजून उभारीच्या वर्षांत. कॉकपिटमधल्या दोन खुर्च्यांत वीतभर जागा असते. पण हे अंतर त्या दिवशी त्यांच्यासोबत उडत होतं, आणि रात्री त्याचा हिशेब लागायचा होता.

आणखी एक अंतर कागदावर होतं. त्या उन्हाळी वेळापत्रकात करिपूरच्या तळावर कंपनीचे 26 सहवैमानिक नेमलेले होते. कॅप्टन मात्र एकच. विमान उडवायला दोघं लागतात, आणि त्यातला एक कॅप्टनच असावा लागतो. म्हणजे करिपूरहून निघणारं जवळजवळ प्रत्येक विमान बाहेरून आलेल्या एखाद्या कॅप्टनच्या वेळेवर, विश्रांतीवर आणि उपलब्धतेवर टांगलेलं असणार. साठे यांच्या नावावर दुसऱ्या दिवशी सकाळचं दोह्याचं उड्डाण लागलेलं होतं.

दुपारी 1.41. सहा तास आधी

विमान दुबईला उतरलं. उतरलेलं विमान परत भरायचं आणि परतीला निघायचं, अशी ही फेरी. परतीच्या विमानात 184 प्रवासी चढले, त्यांत 10 तान्ही बाळं. नोकरी गेलेले, व्हिसा संपलेले, आजारी माणसाला भेटायला निघालेले, बाळंतपणासाठी माहेरी निघालेल्या. आखातातून केरळात परतणाऱ्या विमानाची गर्दी बारा महिने अशीच असते. त्या वर्षी मात्र तोंडावर मास्क होता आणि घरी पोचल्यावर चौदा दिवस वेगळं राहायचं होतं. प्रवासी, दोन वैमानिक आणि केबिनमधले चार कर्मचारी मिळून 190 जण.

दुपारी 3.30. चार तास दहा मिनिटं आधी

विमानाने उड्डाण केलं. पुढचे साडेतीन तास अरबी समुद्रावरून. या तासांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. विमानप्रवासातला सर्वांत निवांत काळ हाच.

केरळात मात्र तो दिवस निवांत नव्हता. आदल्या रात्री इडुक्की जिल्ह्यात पेट्टिमुडीला चहामळ्याच्या मजुरांच्या चाळींवर दरड कोसळली होती. तिथे मातीखालून माणसं काढण्याचं काम सुरू होतं. करिपूर ज्या मलबार भागात आहे, तिथेही पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

विमान उतरणीला लागण्याआधी एका नियमाबद्दल सांगायला हवं. दहा हजार फुटांच्या खाली आलं की कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलायचा नाही, असा दंडक जगभर पाळला जातो. अमेरिकेने तो 1981 मध्ये कायद्याने लागू केला. त्यामागे 11 सप्टेंबर 1974 चा शार्लट शहराजवळचा अपघात होता. ईस्टर्न एअरलाइन्सचे वैमानिक धुक्यात विमान खाली आणताना राजकारणावर आणि जुन्या मोटारींवर गप्पा मारत राहिले. उंची किती उरली याकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही आणि 72 माणसं गेली.

पण त्याच कंपनीचा त्याच्या दोनेक वर्षं आधीचा अपघात मला अधिक अस्वस्थ करतो. 29 डिसेंबर 1972 ला मायामीजवळ चाकांचा एक दिवा लागला नाही. चाकं नीट बाहेर आली होती, फक्त दिव्याचा बल्ब गेला होता. कॉकपिटमधली सगळी माणसं त्या बल्बमध्ये गुंतली. तेवढ्यात ऑटोपायलटने धरलेली उंची सुटली आणि विमान हळूहळू खाली येत दलदलीत शिरलं. शंभराहून जास्त जीव गेले. तिथे कोणी गप्पा मारत नव्हतं, सगळे कामच करत होते. गप्पा नियमाने बंद करता येतात. बिघडलेल्या वस्तूकडे पाहू नका, असा नियम करता येत नाही, कारण तिच्याकडे पाहणं हे वैमानिकाचं कर्तव्यच असतं.

करिपूरची गोष्ट शार्लटपेक्षा मायामीच्या जवळची आहे.

सायंकाळी 7 नंतर. शेवटचा पाऊण तास

अंधार पडला होता. विमान धावपट्टी 28 च्या दिशेने, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून खाली येऊ लागलं. वारा पश्चिमेचा, म्हणजे समोरून येणारा. उतरताना वारा समोरून हवा असतो, कारण तो विमानाला धरून ठेवतो. दिशा अगदी योग्य होती.

समोरून पाऊस आला तेव्हा वायपर सुरू केले. कॅप्टनच्या बाजूचा वायपर अर्ध्या मिनिटाच्या आत थांबला.

मोटारीचा वायपर बंद पडला तर आपण गाडी कडेला घेतो. ताशी अडीचशे किलोमीटरने खाली येणाऱ्या माणसाला कडेला जाण्याची सोय नाही. समोरच्या काचेवर पाण्याचा पडदा, त्यापलीकडे फुटून पसरलेले दिवे. काचेवर पाणी असलं की दिवे असतात त्यापेक्षा दूर किंवा खाली भासतात आणि उंचीचा अंदाज डोळ्याला चकवतो. सहवैमानिकाच्या बाजूने दिसत असलं, तरी करिपूरसारख्या अवघड विमानतळावर, पावसाळी रात्री, विमान टेकवण्याचं काम कॅप्टननेच करायचं असतं.

करिपूर अवघड का, हे नंदुरबारच्या माणसाला सांगायला फार शब्द लागत नाहीत. तोरणमाळच्या पठारावर आपण सपाटीवरून चालत असतो आणि सीताखाईशी आलो की पायाखालची जमीन एकदम संपते. करिपूरचं पठार इतकं उंच नाही, दरीही तशी खोल नाही. पण टेकड्यांचे माथे सपाट करून त्यावर 2,700 मीटरची धावपट्टी घातली आहे, आणि तिच्या टोकाला सुरक्षेसाठी सोडलेली पट्टी संपली की पुढे उतारच आहे. मैदानातल्या विमानतळावर चुकलेलं विमान शेतात जाऊन रुततं. इथे तशी जागा नाही.

धावपट्टी नीट दिसली नाही, तेव्हा साठे यांनी विमान पुन्हा वर घेतलं. यालाच गो-अराउंड म्हणतात. हा निर्णय बरोबर होता. पुढे जे घडलं त्याबद्दल बोलताना हे विसरलं जातं, म्हणून मुद्दाम लिहितो. पहिल्या खेपेला त्या कॉकपिटने नियम पाळला होता.

साडेसातच्या आसपास. शेवटची दहा-पंधरा मिनिटं

आता विमान पुन्हा वर होतं आणि तीन रस्ते मोकळे होते. थोडं थांबून पाऊस ओसरण्याची वाट पाहायची. पुन्हा 28 वर उतरायचा प्रयत्न करायचा. नाहीतर सरळ दुसऱ्या विमानतळावर जायचं. दुसरीकडे जाण्याइतकं इंधन टाकीत होतं.

याच वेळी दिल्लीकडे निघालेल्या एअर इंडियाच्या दुसऱ्या विमानाने धावपट्टी 10 वरून, म्हणजे उलट्या दिशेने, उड्डाण करण्याची परवानगी मागितली. ती त्याला मिळाली. मग विमानतळाच्या नियंत्रण टॉवरने साठे यांच्या विमानालाही विचारलं, तुम्हाला 10 हवी आहे का? वैमानिकांनी वारा आणि दृश्यमानता विचारून घेतली आणि 10 वर उतरायचं ठरवलं.

28 आणि 10 ही एकाच धावपट्टीची दोन टोकं. पण टोक बदललं की वारा बदलतो. जो समोरून येत होता, तो आता मागून ढकलणार. टॉवरने वाऱ्याचा वेग आठ नॉटच्या आसपास सांगितला. टेकण्याच्या क्षणी मागचा वारा प्रत्यक्षात 14 नॉटपर्यंत पोचला होता, म्हणजे ताशी सव्वीस किलोमीटर. ओल्या धावपट्टीवर, एवढा वारा पाठीशी घेऊन, या वजनाच्या विमानाला थांबायला किती जागा लागेल, याचा हिशेब वैमानिकांकडे तक्त्यांत तयार असतो. तो नव्याने काढायला हवा होता. अहवाल म्हणतो की तो काढला गेला नाही.

का काढला गेला नाही? या प्रश्नाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो. दहा हजार तास उडालेल्या माणसाला तो हिशेब येत नव्हता असं होऊच शकत नाही. तपास पथकाचं उत्तर साधं आणि मन पोळणारं आहे. साठे यांना त्या रात्री करिपूरलाच उतरायचं होतं. विमान दुसरीकडे गेलं असतं तर त्यांची कामाची वेळ लांबली असती, विश्रांतीचे तास पुढे सरकले असते आणि सकाळचं दोह्याचं विमान कॅप्टनविना उभं राहिलं असतं. तळावर दुसरा कॅप्टन हाताशी नव्हता. 26 आणि 1 हे आकडे सकाळी फक्त कागदावर होते. संध्याकाळी ते कॉकपिटमध्ये येऊन बसले. कंपनीचं उद्याचं काम अडू नये ही चिंता वाईट माणसाची नसते. ज्याला आपली जबाबदारी कळते, त्यालाच ती लागते. म्हणूनच ती धोकादायक आहे, कारण तिच्याकडे कोणी लक्ष विचलित करणारी गोष्ट म्हणून पाहत नाही.

अहवालात प्रकृतीचाही उल्लेख आहे. कॅप्टनच्या शरीरात, डॉक्टरने लिहून न दिलेल्या, मधुमेहावरच्या औषधांचे अंश सापडले. त्यामुळे साखर थोडी उतरून विचारांची गती किंचित मंदावली असण्याची शक्यता पथकाने नोंदवली आहे. शक्यता म्हणूनच ती इथे लिहितो.

7.40 च्या अलीकडे. शेवटची दोन मिनिटं

वायपर या खेपेला चालला, पण हवा त्या वेगाने चालला नसावा.

जमीन पाचशे फुटांवर असताना ऑटोपायलट काढलेला होता आणि विमान हातात होतं. इथून पुढे सगळं स्थिर असावं लागतं. वेग, खाली येण्याची गती, उताराची रेषा. यातली एक गोष्ट जरी मर्यादेबाहेर गेली तरी पुन्हा वर जायचं, त्यावर चर्चा करायची नसते. विमान मिनिटाला हजार फुटांपेक्षा जास्त गतीने खाली यायला नको, ते पंधराशेच्या घरात गेलं. उताराची रेषा सुटल्याचा इशारा यंत्राने आपल्या ठरीव आवाजात दोनदा दिला. सहवैमानिकाने खाली येण्याच्या गतीकडे लक्ष वेधलं. कॅप्टनने ऐकल्याची पोच दिली आणि दुरुस्ती सुरू केली.

धावपट्टीच्या उंबरठ्यावर पन्नास फुटांच्या आसपास उंची हवी. विमान 92 फुटांवर होतं.

मग ते खाली येईचना. मागचा वारा ढकलत होता, मध्येच इंजिनांची ताकदही वाढली. ओली धावपट्टी पोटाखालून सेकंदाला साधारण 85 मीटर सरकत होती. पहिले तीन हजार फूट म्हणजे टेकण्याचा पट्टा. तो ओलांडला की उतरायचा विचार सोडायचा. तो ओलांडला जात असताना अखिलेश कुमार संकोचलेल्या आवाजात म्हणाले, "जस्ट चेक इट." काय तपासायचं ते त्यांनी सांगितलं नाही. त्या शब्दांत सूचना कमी होती, आर्जव जास्त. मग त्यांनी हाक मारली, "कॅप्टन". आणि मग, "गो अराउंड".

हे शब्द रेकॉर्डरमध्ये आहेत. त्या कॉकपिटमध्ये करण्यासारखी योग्य गोष्ट कोणती, हे शेवटच्या सेकंदांत मोठ्याने बोललं गेलं होतं. नियम त्यापुढे जातो. सांगूनही कॅप्टनने ऐकलं नाही तर सहवैमानिकाने नियंत्रण स्वतःच्या हाती घ्यायचं. बत्तीस वर्षांच्या माणसाने, मानाची तलवार मिळवलेल्या माजी विंग कमांडरच्या हातातून, जमीन दहा फुटांवर असताना, दोन सेकंदांत.

आपल्याकडे कुठल्याही कचेरीत, शाळेत, शेतावर, हाताखालचा माणूस मोठ्यांना चूक दाखवतो तेव्हा आधी आवाज खाली आणतो. ते आपल्या अंगात लहानपणापासून मुरलेलं असतं. घरी त्याला आपण संस्कार म्हणतो. कॉकपिटमध्ये तोच खालावलेला आवाज सेकंद खातो.

7.40.25

विमान टेकलं. उंबरठ्यापासून 4,438 फुटांवर. धावपट्टी होती 8,858 फूट. निम्मी मागे गेली होती. जमिनीवरचा वेग 165 नॉट, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. त्याच वेगाने सरकत राहिलं तर उरलेली धावपट्टी सोळा सेकंदांची.

ब्रेक दाबले गेले. इंजिनांचा जोर उलटा फिरवणारे रिव्हर्सर उघडले, मग मिटले, मग पुन्हा उघडले. टेकल्यानंतर कॉकपिटमध्ये काय चाललं असेल ते या उघडझापीत दिसतं. थांबायचं की पुन्हा उडायचं, हे दोन विचार एकाच हातात भांडत असावेत.

धावपट्टी संपली तेव्हा वेग 84.5 नॉट होता. पुढची सुरक्षापट्टी गेली, दिशादर्शक यंत्रणेच्या अँटेना मोडल्या, कुंपण तुटलं आणि विमान पठाराखाली कोसळलं. धावपट्टीच्या पातळीपासून सुमारे 110 फूट खाली, विमानतळाच्या हद्दीतल्या रस्त्यावर ते 41 नॉटच्या वेगाने आदळलं. बाहेरची भिंत थोडक्यात वाचली. विमानाचे तीन तुकडे झाले, दोन्ही इंजिनं पंखांपासून तुटून पडली. दोन्ही पंखांतून इंधन वाहत होतं. आग लागली नाही. पाऊस पडत होता.

रात्री 7.40 ते 10.15

विमानतळाचं अग्निशमन दल आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान धावले. त्यांच्याबरोबर करिपूर आणि कोंडोट्टी भागातली साधी माणसं धावली. त्या महिन्यांत परदेशातून आलेल्या माणसाच्या सावलीलाही लोक घाबरत होते. तरी इंधनाच्या वासात, चिखलात, ओळख ना पाळख असलेल्या लोकांना त्यांनी मोडक्या धडातून ओढून काढलं. आईबाप कुठे आहेत हे माहीत नसलेली लेकरं उचलली, स्वतःच्या गाड्यांतून जखमींना कोळिकोडच्या दवाखान्यांत पोचवलं. मध्यरात्री रक्तपेढ्यांबाहेर रांगा लागल्या. नंतर त्यांतल्या अनेकांनी स्वतःला विलगीकरणात ठेवून घेतलं.

हे वाचताना सातपुड्याच्या पायथ्याचा एक प्रसंग मला आठवतो. करिपूरनंतर अकरा महिन्यांनी, 16 जुलै 2021 ला, शिरपूरहून उडालेलं एक शिकाऊ विमान जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात, डोंगराळ जंगलात कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी तरुणी जबर जखमी झाली. तिथेही सरकारी गाडी पोचण्याआधी आदिवासी पाड्यावरची माणसं पोचली. एका बाईने अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी केली आणि त्या झोळीतून मुलीला चिखलवाटेने खाली आणलं. विमान कुठेही पडो, मलबारात किंवा सातपुड्यात, पहिला हात तिथल्या रहिवाशाचाच असतो. तपास अहवालात या लोकांसाठी एक-दोन ओळी असतात. करिपूरच्या अहवालात त्या आहेत, हे बरं झालं.

रात्री सव्वादहाला बचावकाम संपलं. अंतिम हिशेबात 19 प्रवासी आणि दोन्ही वैमानिक मृत, 75 प्रवासी आणि केबिनमधला एक कर्मचारी गंभीर जखमी. बाकीचे किरकोळ दुखापतींसह किंवा अजिबात इजा न होता वाचले. एवढ्या पडझडीतून 169 माणसं जिवंत बाहेर आली, ती आग न लागल्यामुळे आणि या धावलेल्या हातांमुळे.

नंतर

अहवालाने अपघाताचं संभाव्य कारण एका लांबलचक वाक्यात दिलं आहे. त्याचा आशय असा: अस्थिर अवस्थेतही कॅप्टन खाली येत राहिले आणि सहवैमानिकाने 'गो अराउंड' सांगूनही टेकण्याच्या पट्ट्यापलीकडे उतरले. आणि सहवैमानिक नियंत्रण हाती घेऊन विमान वर नेऊ शकले नाहीत. दोन्ही माणसं गेली आहेत, उत्तर द्यायला कोणी नाही. पण त्याच अहवालात पुढे सहायक कारणांचीही नोंद आहे. कंपनीची माणसं नेमण्याची पद्धत, अपुरे कॅप्टन, वायपर, मागचा वारा, कॉकपिटमधला अधिकाराचा चढउतार. हा भाग वाचल्याशिवाय पहिलं वाक्य वाचू नये, असं मला वाटतं.

आणि त्याआधी एक जुना अहवाल वाचावा. 22 मे 2010, पहाट. तीच कंपनी, तेच बोइंग 737-800, तोच दुबईहून येणारा मार्ग, मंगळूरचं पठारावरचं विमानतळ. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते, विमान उतरताना फार वर होतं. सहवैमानिक पुन्हा पुन्हा 'गो अराउंड' म्हणत राहिला. विमान धावपट्टीचा मोठा भाग मागे टाकून टेकलं, कडेवरून दरीत गेलं आणि पेटलं. 166 पैकी 158 माणसं गेली. त्या अपघाताची चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांनी केली होती.

दहा वर्षं आणि अडीच महिने. मंगळूर आणि करिपूर, दोन्हीकडे उजव्या खुर्चीतल्या माणसाने बरोबर शब्द उच्चारले होते. दोन्हीकडे डाव्या खुर्चीतला माणूस विमान चालवत राहिला. एका अपघातात झोप होती, दुसऱ्यात वायपर आणि उद्याचं विमान. बाकी सांगाडा तोच.

करिपूरला अपघातानंतर मोठ्या विमानांना उतरायला बंदी झाली. धावपट्टीच्या टोकाची सुरक्षापट्टी वाढवायला जमीन घेण्यात आली. हे काम व्हायलाच हवं होतं. तपास पथकाने एकूण 43 शिफारशी केल्या आणि त्यांतल्या बऱ्याच विमानतळाशी, हवामान यंत्रणेशी, अग्निशमनाशी संबंधित आहेत. काँक्रीट ओतलं की ते दिसतं, त्याचं उद्घाटन करता येतं. सहवैमानिकाने सिम्युलेटरमध्ये कॅप्टनच्या हातातून नियंत्रण घेण्याचा सराव किती वेळा केला, आणि ज्याने खरोखर घेतलं त्याच्या बढतीचं पुढे काय झालं, हे कंपन्यांच्या फायलींत राहतं. नागरी उड्डाण महासंचालनालयाने ते दरवर्षी मागवून प्रसिद्ध करायला हवं. प्रत्येक तळावर कॅप्टन किती आणि सहवैमानिक किती, हेही त्याच कागदावर असावं. 2020 च्या उन्हाळ्यात तसा कागद असता, तर 26 आणि 1 हे आकडे अपघातानंतर नव्हे, त्याच्या आधी कोणाच्या तरी डोळ्यांत खुपले असते.